ट्रेकचा लीडर: माणसं गडावर नेऊन परत आणण्याची कामं, क्रमानं

ऑफिसचा, सोसायटीचा किंवा कॉलेजचा ट्रेक ठरला की लीडर निवडायला फार वेळ लागत नाही. ज्याचा दम मोठा आणि ज्यानं गड आधी पाहिलाय, त्याच्या गळ्यात माळ पडते. तोही खूश होऊन सकाळी सगळ्यांच्या पुढं झपाझप चालू लागतो. तासाभरात गटाचे तीन तुकडे झालेले असतात. लीडर दोन दमदार पोरांबरोबर वर, मधले फाट्यावर डावीकडं की उजवीकडं या वादात, आणि सगळ्यात मागं गुडघा धरून बसलेल्या माणसाजवळ कोण आहे, हे कुणालाच माहीत नाही.

दम लागतो, वाटही माहीत लागते. पण दमाचा माणूस गटात आणखी एखादा असतोच आणि वाट दाखवायला पायथ्याच्या गावात वाटाड्या मिळतो. लीडरची कामं निराळी आहेत: आधी विचारणं, सतत मोजणं, मागच्यासाठी थांबणं आणि वेळ आली की सगळ्यांच्या तोंडावर ‘नाही’ म्हणणं. यातलं निम्मं काम घराबाहेर पडण्याआधीचं आहे आणि नेमकं तेच राहून जातं.

इथं पंधरा-वीस जणांचा, त्यात निम्मे नवखे असलेला, एका दिवसाचा ट्रेक धरला आहे. उदाहरणाला पायथ्याच्या गुंजवणे गावातून राजगड घेतो, कारण पुण्याकडच्या नवख्या गटांची पावलं हमखास तिकडं वळतात. अलंग-मदनसारख्या दोर लावून चढायच्या गडांना हे पुरेसं नाही. तिथं प्रशिक्षित माणूसच हवा.

टप्पा १: माणसं समजून घ्या (आठवडाभर आधी)

‘कुणाला काही त्रास आहे का?’ हा प्रश्न व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला की तीन अंगठे येतात आणि काम झाल्यासारखं वाटतं. चाळीस जणांच्या ग्रुपवर आपला दमा, बीपी किंवा उंचीची भीती कोण लिहील? प्रत्येकाला वेगळा फोन करा. तीन मिनिटं पुरतात. विचारायचं ते असं:

• शेवटचं सलग दोन-तीन तास कधी चाललात? कुठं?
• रोजची गोळी कुठली? दम्याचा पंप वापरता का? साखर अचानक कमी होते का?
• गुडघा, घोटा, कंबर यांचं जुनं दुखणं?
• उंचावरून खाली बघताना चक्कर येते का? रेलिंग धरून कातळाच्या पायऱ्या चढाल का?
• घरचा कुणाचा नंबर लिहून ठेवू?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर लोक हसण्यावारी नेतात. पण गुंजवण्याची वाट चोरदरवाजा या छोट्या दरवाजातून गडावर शिरते आणि त्याच्या खालचा टप्पा रेलिंग धरून चढायचा आहे. तिथं एक माणूस गोठला तर त्याच्या मागची सगळी रांग अडकते, आणि रविवारी ती रांग मोठी असते. असा कुणी गटात असेल तर वाट बदला. पाली दरवाजाची वाट लांब असली तरी रुंद आहे, पायऱ्यांची आहे. एका माणसासाठी वाट बदलण्यात लीडरचा काही कमीपणा होत नाही.

कुणाला ‘या वेळी नको’ सांगायचं असेल तर ते याच टप्प्यावर, फोनवर, एकट्यात सांगा. ‘तुम्हाला जमणार नाही’ म्हणण्यापेक्षा ‘हा चढ तीन तासांचा आहे. आधी सिंहगड आतकरवाडीतून एकदा चढून या, पुढच्या महिन्यात बरोबर जाऊ’ असं म्हणा. माणूस दुखावत नाही आणि खरंच सिंहगड चढून येतो.

इशारा: आदल्या रात्री ‘माझा मावसभाऊपण येतोय’ असा फोन येणारच. याच पाच प्रश्नांशिवाय कुणालाही गाडीत घेऊ नका. यादी गुरुवारी बंद, म्हणजे बंद. एकदा सवलत दिली की पुढच्या ट्रेकला चार मावसभाऊ येतात.

टप्पा २: वेळ सूर्यास्तापासून उलटी मोजा

बहुतेक जण ‘सहाला निघू, नऊला पायथा, बाराला वर’ असं पुढं पुढं मोजत जातात. अंधार कधी पडतो ते शेवटी बघतात. उलटं करा.

डिसेंबरात पुण्याकडं सूर्य सहाच्या आसपास मावळतो, जुलैत सव्वासातच्या सुमाराला. दऱ्यात आणि झाडीत त्याच्याही आधी दिसेनासं होतं. म्हणून शेवटचा माणूस सूर्यास्ताच्या तासभर आधी गावात पोचला पाहिजे. डिसेंबरातला राजगड धरू. पाचला गुंजवण्यात. नवख्यांना उतरायला अडीच तास. म्हणजे अडीचला पद्मावती माचीवरून, वाट गडावर जिथं पोचते त्या सपाटीवरून, निघायचं. चोरदरवाजाच्या गर्दीसाठी पाव तास आणखी काढा. परतीची वेळ झाली सव्वादोन.

आता खालून वर मोजा. साडेसातला चढायला सुरुवात आणि तीन तास चढ धरला तर साडेदहाला माचीवर. हातात उरतात पावणेचार तास. त्यात जेवण, विश्रांती, बालेकिल्ला, संजीवनी आणि सुवेळा या बाकीच्या दोन माच्या आणि नेढं (कातळातलं आरपार भोक) सगळं बसवणारे लोक मी बघतो. ते बसत नाही. बालेकिल्ल्याच्या चढावर सुट्टीच्या दिवशी रांग लागते, आणि संजीवनीच्या टोकाला जाऊन यायलाच दोन तास सहज जातात. तेव्हा एक निवडा, आणि ते गडावर नव्हे, घरी बसून निवडा. वर गेल्यावर गटात दोन पक्ष पडतात आणि अर्धा तास चर्चेत जातो.

चढाईचा वेळ काढायचा साधा हिशेब: नवख्या गटाची तासाला साधारण तीनशे मीटर उभी चढाई धरा, पावसाळ्यात किंवा एप्रिल-मेच्या उन्हात त्याहून कमी. आपण एकट्यानं किती वेळात चढलो होतो, हा आकडा इथं निरुपयोगी आहे. गटाचा वेग म्हणजे सगळ्यात सावकाश चालणाऱ्या माणसाचा वेग.

याच टप्प्यावर तीन चौकश्या उरकून घ्या:

• पावसाळ्यात धबधबे, घाटवाटा आणि काही गडांवर जिल्हा प्रशासन बंदीचे आदेश काढतं. पूर्वी ते कलम १४४ खाली निघत, जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात. आदेश असेल तर ट्रेक रद्द. ‘मागच्या वाटेनं जाऊ’ म्हणणाऱ्याला घरी ठेवा.
• गड अभयारण्यात येतो का? हरिश्चंद्रगड, कळसूबाई, रतनगड हा सगळा भाग अभयारण्याचा आहे आणि तिथं वन विभागाचे नियम लागतात.
• लोकांकडून पैसे घेऊन, धंदा म्हणून ट्रेक नेत असाल तर राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार नोंदणी लागते. मित्रमंडळींनी खर्च वाटून घेणं वेगळं, नफा ठेवणं वेगळं.

तपासा: परतीची वेळ एका आकड्यात सांगता येते का? ‘दुपारी जेवून निघू’ ही वेळ नव्हे.

टप्पा ३: तिघं नेमा आणि स्वतः मध्ये चाला

सगळ्यात जास्त चुका इथं होतात, म्हणून जरा सविस्तर.

गटाला तीन जबाबदार माणसं लागतात: सर्वांत पुढं एक, सर्वांत मागं एक आणि मध्ये लीडर. पुढच्याला वाट माहीत हवी, किंवा त्याच्याबरोबर गावातला वाटाड्या हवा. त्याला आज्ञा एकच: तुझ्या पुढं कुणी जाणार नाही आणि तू मधल्यांच्या नजरेआड जाणार नाहीस. गटात एखादा पळणारा असतोच. त्याला ‘हळू चाल रे’ असं दर दहा मिनिटांनी ओरडून उपयोग होत नाही. त्याला पुढच्याचा मदतनीस करा आणि दर फाट्यावर उभं राहायचं काम द्या. कामाला लागला की तो पळत नाही.

मागचा माणूस निवडणं हे लीडरच्या पारखेचं खरं काम. लोक तिथं उरलासुरला माणूस टाकतात. मागं हवा तो गटातला सगळ्यात शांत आणि दुसऱ्या क्रमांकाचा अनुभवी माणूस. त्याला घाई नसावी, टोमणे मारायची सवय नसावी आणि थकलेल्या माणसाशी क्रिकेटपासून भाजीच्या भावापर्यंत काहीही बोलता यावं. त्याच्या मागं कुणीही राहायचं नाही, लघवीला थांबलेलासुद्धा नाही. औषधांची पिशवी आणि जादा टॉर्च त्याच्याकडं, लीडरकडं नाही. ज्याला त्रास होतो तो मागं पडतो, मग औषध पुढं नेऊन काय करायचं?

लीडर मध्ये. तिथून तो पुढं जाऊ शकतो, मागं येऊ शकतो. चढताना दोनदा तरी त्यानं खाली शेवटच्या माणसापर्यंत जाऊन यावं. दमाचा माणूस लीडर हवा तो एवढ्यासाठी.

गटात मुली, बायका असतील तर या तिघांत एक बाई असू द्या. पाळी सुरू झाली, पोटात दुखतंय, आडोसा हवाय, या गोष्टी कुणाला सांगायच्या हा प्रश्न मग उरत नाही. गावात ज्या घरी नाश्ता-जेवण सांगाल, तिथं स्वच्छतागृह वापरता येईल का, हेही आदल्या दिवशी फोन करून विचारा.

तिघांत एक करार आधीच करून ठेवा. तिघांपैकी कुणीही ‘आता पुढं नको’ म्हणालं तर गट थांबेल. कारण नंतर विचारायचं. मागच्या माणसाला जे दिसतं ते लीडरला दिसत नाही. त्याचं ऐकायचं नसेल तर त्याला नेमलंच कशाला?

टप्पा ४: सामान आणि कागद

सामानाच्या याद्या सगळीकडं मिळतात, त्या इथं पुन्हा देत नाही. लीडरनं बघायच्या तेवढ्या गोष्टी सांगतो.

प्रत्येकाकडं किमान दोन लिटर पाणी, उन्हाळ्यात तीन. प्रत्येकाकडं टॉर्च, दिवसाचा ट्रेक असला तरी. मोबाइलची टॉर्च धरली की एक हात गेला आणि बॅटरीही गेली. खाचांचे बूट हवेत. गुळगुळीत तळाचे चालण्याचे बूट ओल्या कातळावर घसरतातच. शिट्टी प्रत्येकाच्या गळ्यात.

ओआरएसची पाकिटं घेताना पाकिटावर किती पाण्यात मिसळायचं ते वाचा. मोठं पाकीट लिटरभर पाण्यासाठी असतं. ते अर्ध्या बाटलीत ओतून ‘स्ट्राँग’ करू नका, त्यानं त्रास वाढतो.

दोर कुणी वापरायला शिकलेला नसेल तर आणूच नका. बाजारातली नायलॉनची दोरी बॅगेत असली की नको त्या कातळावर चढायचा धीर येतो.

एका कागदावर सगळ्यांची नावं, घरचे नंबर, रक्तगट आणि आजार. एक प्रत लीडरकडं, एक मागच्याकडं, एक घरी राहणाऱ्या जबाबदार माणसाकडं. घरच्या माणसाला एवढंच सांगायचं: ‘रात्री आठपर्यंत माझा फोन आला नाही तर या गावातल्या अमक्यांना फोन कर, त्यांनाही लागला नाही तर ११२ या आपत्कालीन नंबरवर.’ रुग्णवाहिकेचा १०८ सगळ्यांना पाठ असतो. पण डोंगरातून माणूस खाली आणायला गिर्यारोहकांचीच मदत लागते. राज्यातल्या गिर्यारोहण संस्थांनी त्यासाठी महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर चालवलं आहे. त्यांचा नंबर घरूनच फोनमध्ये घेऊन ठेवा, तो शोधायला वर रेंज नसते.

टप्पा ५: पायथ्याशी दहा मिनिटं

गाडीतून उतरल्या उतरल्या लोक फोटो काढत विखुरतात. नाश्ता झाला, बाटल्या भरल्या, की सगळ्यांना गोल उभं करा. भाषण नको. मी साधारण असं बोलतो:

‘आपण अठरा जण आहोत. हा पुढं, या ताई मागं, मी मध्ये. पुढच्याच्या पुढं जायचं नाही, ताईंच्या मागं राहायचं नाही. आजूबाजूला बघा, तुमच्या शेजारचा तुमचा जोडीदार. तो दिसला नाही तर लगेच सांगायचं. वाटेवरून बाजूला जायचं असेल तर जोडीदाराला सांगा आणि बॅग वाटेवर ठेवा. सव्वादोनला परत फिरायचं, कुठंही असलो तरी. दमलात, पाय मुरगळला, भीती वाटली, तर तेव्हाच बोला. अर्ध्या तासानं सांगितलं तर तेव्हा उपाय कमी उरतात. मिनिटभरात सहा शिट्ट्या म्हणजे मदत हवी, तीन म्हणजे उत्तर. दारू, सिगारेट आणि स्पीकर गाडीत ठेवा. वर काही ठरवायची वेळ आली तर मी सगळ्यांचं ऐकेन, पण ठरवीन मी.’

शेवटचं वाक्य बोलायला बऱ्याच जणांना संकोच वाटतो. मित्रच सगळे, त्यांच्यावर साहेबगिरी कशी करायची? पण हे खाली सांगितलं नाही, तर वर धुक्यात उभं राहून मतदान घ्यावं लागतं.

यानंतर एक ते अठरा नंबर मोजून घ्या. प्रत्येकानं आपला नंबर लक्षात ठेवायचा, दिवसभर तोच. लीडरनं डोकी मोजण्यापेक्षा हे चांगलं, कारण गर्दीच्या गडावर दुसऱ्या गटाची दोन डोकी आपल्यात मोजली जातात आणि आपली दोन हरवलेली कळत नाहीत.

तपासा: नंबर मोजले का? परतीची वेळ दोघातिघांना उलट विचारली का? गावातल्या कुणाला तरी ‘इतके जण वर जातोय, पाचपर्यंत येतो’ असं सांगितलं का?

टप्पा ६: चढताना

पहिला अर्धा तास मुद्दाम रेंगाळत चढा. गाडीतून उतरलेलं अंग तापायला वेळ लागतो आणि नवखे लोक याच अर्ध्या तासात जोर लावून बसतात. चालताना शेजाऱ्याशी पूर्ण वाक्य बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे.

आता विश्रांतीचं गणित. पुढचे लोक झाडाखाली बसतात. दहा मिनिटांनी शेवटचा माणूस धापा टाकत पोचतो. त्याला बघून पुढचे म्हणतात, ‘चला, आले सगळे!’ आणि उठतात. म्हणजे ज्याला गरज नव्हती त्याला दहा मिनिटं मिळाली आणि ज्याचा जीव वर आला होता त्याला शून्य. दिवसभर हे चार वेळा झालं की तो माणूस संपतो. नियम करा: विश्रांती शेवटचा माणूस बसल्यापासून मोजायची. पाच मिनिटं झाली की त्याला विचारायचं, आणि तो ‘हो’ म्हणाला की निघायचं. पुढच्यांची कुरकुर होईल, होऊ द्या.

मागं पडणाऱ्याची बॅग हलकी करा, पण चारचौघांत त्याचं नाव घेऊन नको. ‘बॅगा अदलाबदल करू, माझी पाठ धरलीय’ म्हटलं तरी काम होतं. त्याला पुढच्याच्या लगेच मागं चालायला लावणं हा आणखी चांगला उपाय. गटाचा वेग आपोआप त्याचा होतो.

आणि ‘आलंच, पाच मिनिटं’ हे बंद करा. डोंगरात चालणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाच्या तोंडी बसलेलं हे खोटं आहे. दोन वेळा चालतं. तिसऱ्यांदा तुम्ही खरं सांगत असता आणि कुणी विश्वास ठेवत नाही. दुपारी ‘या ओढ्यात उतरू नका’ म्हणाल तेव्हाही मग तुमचा शब्द हलका पडतो. अर्धा तास असेल तर अर्धा तास सांगा. गावकऱ्याच्या ‘हे काय, इथंच’ वरही वेळ ठरवू नका. त्याचं इथंच म्हणजे त्याच्या पायांनी इथंच.

फाटा आला की तिथं एक माणूस उभा करा, मागचा नेमलेला माणूस दिसेपर्यंत त्यानं हलायचं नाही. सह्याद्रीत फसवतात त्या ढोरवाटा. गुरांच्या जाण्यायेण्यानं त्या खऱ्या वाटेपेक्षा रुंद आणि मळलेल्या दिसतात आणि कारवीच्या झुडपांत शिरून विरून जातात. हरिश्चंद्रगडाच्या खिरेश्वर वाटेवर तोलार खिंडीच्या वरचा कातळटप्पा चढला की टेकाडामागून टेकाडं लागतात. धुक्यात तिथं चांगले चांगले गट भरकटतात. अशा जागी अंतर न ठेवता सगळ्यांना एकत्र चालवा.

तपासा: नंबर कधी मोजायचे? प्रत्येक विश्रांतीनंतर निघताना, प्रत्येक फाट्यानंतर, कातळटप्प्याच्या खाली आणि वर. पोचल्यावर मोजून फार उपयोग नाही, निघताना मोजलं तर हरवलेला जवळच असतो.

टप्पा ७: गडावर

हा टप्पा छोटा. सावलीत बसवा, आधी पाणी मग फोटो. पुन्हा कधी आणि कुठं जमायचं ते सांगा. तटावर चढून सेल्फी काढणाऱ्यावर मागच्याची नजर असू द्या. कड्याच्या पोटात मोहोळं लटकलेली असतील तर आरडाओरडा, धूर, अत्तराचा फवारा, काही नको. माश्या उठल्याच तर तोंड-डोकं झाकून त्या जागेपासून लांब जायचं, हात झाडत उभं राहायचं नाही. कड्याच्या बाजूला पळायचं नाही, हे आधी सांगावं लागतं, कारण त्या क्षणी माणूस दिशा बघत नाही.

टाक्यातलं पाणी प्यायच्या आधी गावकऱ्यांना विचारा. सगळी टाकी पिण्याची नसतात.

टप्पा ८: ‘नाही’ म्हणायची वेळ

परतीची वेळ झाली आणि बालेकिल्ला अर्धा तास दूर आहे. सगळे म्हणतात, ‘इतक्या लांब आलो!’ लीडरची परीक्षा चढावर होत नाही, इथं होते. त्या क्षणी नवा विचार करायचा नाही, खाली ठरलेला निर्णय फक्त बोलून दाखवायचा. ‘सव्वादोन झाले, फिरतोय.’ लांबलचक कारणं दिलीत की प्रत्येक कारणावर वाद निघतो. गटातला एखादा जुना ट्रेकर ‘मी यांना पटकन नेऊन आणतो’ म्हणेल. त्याला नाही म्हणा, कारण आता तुमच्याकडं दोन गट होतील आणि लीडर एकच आहे.

वेळेच्या आधीच फिरायची तीन कारणं, यांत चर्चा नाही:

• विजा. मे महिन्यात आणि ऑक्टोबरात दुपारनंतर ढग भरून येतात. गडगडाट ऐकू आला की माची, बुरूज, उघडं पठार आणि एकटं झाड सोडून खाली सरका. लोखंडी रेलिंग आणि शिड्यांपासून लांब राहा.
• ओढा. वाहतं पाणी गुडघ्याच्या वर असेल, गढूळ झालं असेल किंवा बघता बघता वाढत असेल तर ओलांडायचं नाही. वर डोंगरात पडलेला पाऊस तुम्हाला दिसत नाही, त्याचं पाणी मात्र काही मिनिटांत येतं. लोणावळ्याला भुशी धरणाजवळच्या धबधब्यात ३० जून २०२४ ला एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, ते पाणी असंच अचानक वाढलं होतं. अलीकडच्या काठावर तास-दोन तास बसून राहा, पाणी उतरतं.
• ऊन. एप्रिल-मेमध्ये कुणी असंबद्ध बोलू लागलं, तोल जाऊ लागला, अंग भट्टीसारखं तापलं, तर तो थकवा नव्हे, उष्माघात आहे. सावली, कपडे सैल, अंगावर पाणी आणि वारा, आणि तातडीनं दवाखाना. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका.

टप्पा ९: काही बिघडलं तर

वाट चुकली. थांबा, सगळे एकत्र या, नंबर मोजा. जिथं वाट नक्की बरोबर होती त्या जागेपर्यंत आल्या पावली मागं जा. ‘ओढ्याच्या कडेनं उतरत गेलो की गाव लागेलच’ हा सल्ला सह्याद्रीत जीवघेणा आहे. इथले ओढे मध्येच कड्यावरून खाली उडी घेतात. नाळेत, म्हणजे ओढ्याच्या अरुंद घळीत, उतरलेला माणूस अशा टप्प्यावर अडकतो, खाली उतरता येत नाही आणि परत वर चढायला दम उरत नाही.

माणूस कमी आहे. सगळ्यांनी शोधायला पांगू नका. गट एका जागी बसवा, मागच्याला त्यांच्याजवळ ठेवा. दोघं शेवटच्या मोजणीच्या जागेपर्यंत परत जातील, शिट्टी वाजवत, मध्ये थांबून ऐकत. मिनिटभरात सहा शिट्ट्या ही मदतीची हाक, तीन शिट्ट्या हे उत्तर. हे टप्पा ५ मध्ये गटाला सांगितलेलं असलं तरच उपयोगाचं. अर्ध्या तासात सापडला नाही तर गावात आणि ११२ ला कळवा. ‘थोडा वेळ बघू, बोभाटा नको’ यात उजेड संपतो.

जखमी माणूस. त्याला एकटं कधीच सोडायचं नाही. त्याच्याजवळ एक जण, खाली मदतीला दोघं. जाणाऱ्यांच्या हातात कागद द्या: जागा, जखमीचं वय, काय झालं, किती वाजता, शुद्धीवर आहे का, वर किती जण आहेत. तोंडी निरोप गावात पोचेपर्यंत बदलतो. घळीत रेंज नसेल तर धारेवर या. कॉल लागत नसेल तरी एसएमएस कधी कधी निघून जातो. उंचावरून पडलेल्याची मान-पाठ हलवू नका, घोंगडी किंवा जाकीट घालून ऊब द्या.

साप चावला. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, कुठला होता ते ओळखत बसू नका आणि मारायला मागं लागू नका. चिरा देणं, तोंडानं ओढणं, घट्ट पट्टी आवळणं, तिन्ही बंद. अंगठी-घड्याळ काढा, तो हात किंवा पाय हलणार नाही असा आधार द्या, वेळ लिहा आणि माणसाला चालवण्याऐवजी उचलून खाली न्या. सर्पदंशावरची लस असलेलं जवळचं सरकारी रुग्णालय कुठलं, हे सकाळी नाश्त्याला बसल्यावर गावात विचारून ठेवायचं.

लीडरनं या सगळ्यात स्वतः जखमीची पट्टी बांधत बसू नये. ज्याला ते काम येतं त्याला द्या. तुम्ही उभे राहा आणि बाकीच्या सोळा जणांकडं बघा. घाबरलेल्या गटाला छोटी छोटी कामं वाटून द्या, कुणी पाणी गोळा करा, कुणी बॅगा एकत्र लावा, कुणी वेळ लिहीत राहा. रिकामे हात असले की रडारड आणि दोषारोप सुरू होतात.

टप्पा १०: उतरताना

चढ संपला की लोक ट्रेक संपला असं समजतात. पाय थरथरत असतात, लक्ष गाडीकडं आणि जेवणाकडं असतं. नेमके याच वेळी घोटे मुरगळतात. निघण्याआधी बुटाच्या नाड्या वरपर्यंत घट्ट बांधायला लावा, नाहीतर अंगठ्याची नखं काळी होतात.

घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या माती-दगडांच्या उतारावर, एकाच्या थेट खाली दुसरा नको. दगड सुटला की ज्याला दिसेल त्यानं ‘दगड!’ एवढंच ओरडायचं. खालच्यांनी वर न बघता बाजूला, कातळाला चिकटून व्हायचं. कातळाच्या टप्प्यावर खाली तोंड करून बसत घसरण्यापेक्षा कातळाकडं तोंड करून, शिडी उतरतो तसं उतरणं सोपं. नवख्याला पहिलं पाऊल कुठं ठेवायचं ते खालून दाखवायला एक जण उभा करा. हात ओढून उतरवू नका, दोघं जातात.

इशारा: गाव दिसू लागलं की पुढचे पळतात. शेवटच्या टेकाडावर सगळ्यांना थांबवून एकदा नंबर मोजा आणि गावात एकत्र शिरा.

टप्पा ११: खाली आल्यावर

गाडीत बसल्यावर नंबर. ड्रायव्हरनं चावी फिरवायच्या आधी. मग घरी थांबलेल्या माणसाला फोन, ‘सगळे खाली आलो.’ हा फोन विसरला तर तिकडं आठनंतर धावपळ सुरू होईल, आणि पुढच्या वेळी तो माणूस तुमची वाट बघणार नाही.

वाटाड्याचे पैसे ठरल्याप्रमाणं, गावातून निघायच्या आधी, हातात. पिठलं-भाकरी अठरा जणांची सांगितली आणि पंधराच जेवले, तरी पैसे अठरांचे. त्या माउलीनं पहाटेपासून चूल पेटवलेली असते.

परतीच्या गाडीत किंवा दुसऱ्या दिवशी पुढच्या आणि मागच्या माणसाशी वीस मिनिटं बोला: वेळ कुठं चुकली, कुणाला पुढच्या वेळी सोपा गड द्यायचा, कोण न सांगता इतरांच्या बाटल्या भरत होता. तो शेवटचा माणूस वहीत लिहून ठेवा. पुढच्या ट्रेकला त्याला मागं नेमा आणि त्यानंतरच्या ट्रेकला मध्ये. खर्चाचा हिशेब त्याच रात्री ग्रुपवर टाका, पावत्यांच्या फोटोंसकट.